सुवाह्य न्यूट्रॉन-उद्गम आणि मालाची परीक्षा : भंडारा जिल्ह्यातील तीन भारांच्या आधारे

प्रथम संज्ञा निश्चित करू. 'अणुद्रव्य' ही संज्ञा येथे युरेनियम आणि प्लुटोनियम या दोनच मूलद्रव्यांसाठी योजली आहे. कर्करोगाच्या उपचारातील कोबाल्ट-६० किंवा वेल्डिंगच्या तपासणीतील इरिडियम-१९२ ही द्रव्ये तीव्र किरणोत्सर्गी आहेत. पण न्यूट्रॉनच्या आघाताने त्यांच्या अणुकेंद्रांचे विखंडन होत नाही, म्हणून ती या विवेचनाबाहेरची होत. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात जे कोबाल्ट आले आणि ज्याने एकाचा बळी घेतला, ते आपल्या गॅमा किरणांनी स्वतःचे अस्तित्व सतत घोषित करत होते. उणीव होती ती ऐकणाऱ्या उपकरणाची. प्रस्तुत प्रश्न याच्या उलट आहे. जे द्रव्य मुळात जवळजवळ मूक आहे, त्याला बोलते कसे करावे, हा तो प्रश्न होय.

'गुप्त' म्हणजे माल, वेष्टन आणि धातूचे कवच यांच्या आड ठेवलेले. 'उद्गम' म्हणजे न्यूट्रॉन निर्माण करणारी वस्तू अथवा यंत्र. 'सुवाह्य' याचा अर्थ दोन माणसांनी उचलून, जीपमध्ये घालून, रस्त्याच्या कडेला छोट्या जनरेटरवर चालवता येईल असे. या शेवटच्या व्याख्येत एक अडचण दडलेली आहे. उद्गम सुवाह्य असू शकतो, त्याचे संरक्षक आवरण मात्र सुवाह्य नसते. या अडचणीचा विचार योग्य स्थळी येईल.

परीक्षा दोन प्रकारची असते. द्रव्य स्वतःहून जे उत्सर्जित करते ते मोजणे ही निष्क्रिय परीक्षा. द्रव्यावर बाहेरून न्यूट्रॉन टाकून त्याचा प्रतिसाद मोजणे ही सक्रिय परीक्षा. दुसरी खर्चिक, क्लिष्ट आणि धोक्याची आहे. म्हणून पहिली कोठे अपुरी पडते हे सिद्ध झाल्यावाचून दुसरीचे समर्थन होत नाही.

ती सिद्धता महाराष्ट्रातील एका घटनेवरून देता येते. मे २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत ७.१ किलोग्रॅम युरेनियम जप्त केले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तपासणीत ते नैसर्गिक युरेनियम असल्याचे निष्पन्न झाले आणि अणुऊर्जा अधिनियम, १९६२ अन्वये गुन्हा नोंदवला गेला. नैसर्गिक युरेनियमात ९९ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियम-२३८ चा असतो आणि केवळ ०.७२ टक्के युरेनियम-२३५ चा. धातुरूपात धरल्यास या ७.१ किलोग्रॅमचे आकारमान सुमारे ३७४ घनसेंटीमीटर, म्हणजे पाणी प्यायच्या एका मोठ्या पेल्याएवढे होते.

एक ग्रॅम युरेनियम-२३८ स्वयंविखंडनाने सेकंदाला सुमारे ०.०१३६ न्यूट्रॉन देतो. त्यानुसार वरील संपूर्ण साठ्यातून सेकंदाला शंभराच्या आत, साधारण ९६ न्यूट्रॉन बाहेर पडतात. एक मीटर अंतरावर ते विखुरले असता प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला एका न्यूट्रॉनच्या सहस्रांशाहूनही कमी येतात. समुद्रसपाटीला विश्वकिरणांमुळे आपोआप येणारी न्यूट्रॉनांची पार्श्वभूमी याच्या दहापटीहून अधिक आहे. अर्थात पेल्याएवढे युरेनियम एक मीटरवरून ऐकू जाणे म्हणजे बाजाराच्या गलक्यात कुजबुज ऐकण्यासारखे आहे.

अणुद्रव्याचे सर्व प्रकार सारखे मूक नसतात, हेही येथेच नोंदवावे. एक ग्रॅम प्लुटोनियम-२४० सेकंदाला सुमारे १,०२० न्यूट्रॉन देतो. म्हणून ज्यात त्याचे प्रमाण ६ टक्के आहे अशा ८ किलोग्रॅम प्लुटोनियममधून सेकंदाला पाच लाखांच्या जवळपास न्यूट्रॉन निघतात. असे द्रव्य निष्क्रिय परीक्षेत सापडते. याउलट एक ग्रॅम युरेनियम-२३५ सेकंदाला केवळ ०.०००३ न्यूट्रॉन देतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण ज्या २५ किलोग्रॅमला 'लक्षणीय राशी' मानते, तेवढ्या युरेनियम-२३५ मधून सेकंदाला आठही न्यूट्रॉन निघत नाहीत. त्याचा प्रमुख गॅमा किरण १८६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे आणि ५ मिलीमीटर जाडीचे शिसे त्याचा जेमतेम सहस्रांश बाहेर जाऊ देते. यावरून निष्पन्न होते ते असे : प्लुटोनियमसाठी सक्रिय परीक्षा पूरक आहे, युरेनियमसाठी, त्यातही समृद्ध युरेनियमसाठी, ती अपरिहार्य आहे.

आता उद्गमांचे प्रकार पाहू. ते मुख्यतः दोन. पहिला समस्थानिकांचा, दुसरा विद्युत् नलिकांचा.

समस्थानिक-उद्गम हा न्यूट्रॉनच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला तो पोलोनियमचे अल्फा कण बेरिलियमवर आदळवून, आणि ती मांडणी टेबलावर मावणारी होती. आज पोलोनियमच्या जागी अमेरिशियम-२४१ येते. त्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षे असल्याने उद्गम दीर्घकाळ स्थिर राहतो. याच वर्गात कॅलिफोर्नियम-२५२ येते. त्याला बेरिलियमची गरज नाही, कारण ते स्वतःच विखंडन पावते. त्याचा एक मायक्रोग्रॅम सेकंदाला सुमारे २३ लाख न्यूट्रॉन देतो. अर्धायुष्य मात्र २.६५ वर्षे. या वर्गाचा समान गुण असा की त्याला वीज लागत नाही, आणि समान दोष असा की तो बंद करता येत नाही. परीक्षा नसतानाही, वाहतुकीतही, गोदामातही तो न्यूट्रॉन देतच राहतो. जी वस्तू चोरीला गेली तर स्वतःच चिंतेचा विषय होईल ती घेऊन चोरीचा माल शोधत रस्त्याने हिंडणे हा या पद्धतीतील मूलभूत विसंवाद आहे.

विद्युत् नलिकेत ड्यूटेरियमचे आयन सुमारे १०० किलोव्होल्टने वेगवान करून धातूत मुरवलेल्या ड्यूटेरियमवर किंवा ट्रिटियमवर आदळवतात. ड्यूटेरियम-ड्यूटेरियम संयोगातून २.४५ एमईव्ही, म्हणजे २.४५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन मिळतात. ड्यूटेरियम-ट्रिटियम संयोगातून १४.१ एमईव्हीचे. पुढे यांना अनुक्रमे डीडी आणि डीटी म्हटले आहे. समान विद्युत्प्रवाहावर डीटीचे उत्पन्न डीडीच्या सुमारे शंभरपट असते. हाती नेण्याजोग्या डीटी नलिकेतून सेकंदाला १० कोटी न्यूट्रॉन मिळणे शक्य असते; डीडीतून १० लाखांच्या परिसरात. कळ बंद केली की न्यूट्रॉन थांबतात. शिवाय नलिका स्पंदांत चालवता येते : काही मायक्रोसेकंद चालू, मग बंद. हा दुसरा गुण पहिल्याहून महत्त्वाचा आहे, कारण पुढील सर्व युक्तिवाद काळाच्या मोजणीवर उभा आहे.

उद्गम चालू केल्यावर मुंबईतील त्याच ७.१ किलोग्रॅमचे काय होते? डीटी नलिका एक मीटरवर ठेवली आणि द्रव्याने स्वतःच केलेले न्यूट्रॉनांचे शोषण क्षणभर बाजूला ठेवले, तर सेकंदाला सुमारे १६ हजार विखंडने घडतात. प्रत्येक विखंडनातून सरासरी चाराहून अधिक न्यूट्रॉन निघतात. ९६ न्यूट्रॉनांची कुजबुज साठ-सत्तर हजारांवर जाते. त्याच ठिकाणी १० लाखांची डीडी नलिका ठेवली तर विखंडने सेकंदाला ऐंशीच्या आसपास राहतात. उद्गमाचे बळ म्हणजे काय हे या दोन आकड्यांतून स्पष्ट होते. परंतु बळ हा या प्रश्नाचा एकच घटक आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, निर्णायक घटक नव्हे.

प्रतिसादाचे तीन प्रकार मानावेत. (१) तात्काळ न्यूट्रॉन : विखंडनाच्या क्षणीच बाहेर पडणारे. (२) विलंबित न्यूट्रॉन : विखंडनाच्या काही तुकड्यांतून अर्ध्या सेकंदाहून कमी ते ५५ सेकंद अशा अर्धायुष्यांनी येणारे. मंद न्यूट्रॉनांनी झालेल्या युरेनियम-२३५ च्या विखंडनात त्यांचे प्रमाण एकूण न्यूट्रॉनांच्या ०.६५ टक्के, प्लुटोनियम-२३९ मध्ये ०.२१ टक्के. (३) विलंबित गॅमा : त्याच तुकड्यांतून येणारे, ज्यांतील काही ३ एमईव्हीहून अधिक ऊर्जेचे असतात. पहिला प्रकार विपुल आहे, पण तो उद्गमाच्या न्यूट्रॉनांत मिसळलेला असतो. उरलेले दोन विरळ आहेत, पण उद्गम बंद झाल्यानंतर येतात म्हणून ओळखू येतात.

पहिल्याला वेगळे काढण्याची एक रीत आहे. तिला येथे 'क्षयभेद' म्हणू. स्पंद संपल्यावर उद्गमाचे वेगवान न्यूट्रॉन मालात आदळत मंद होतात आणि मंद अवस्थेत काही काळ भटकतात. त्यांपैकी एखादा युरेनियम-२३५ ला भेटला तर त्या विखंडनातून पुन्हा वेगवान न्यूट्रॉन निघतो. कॅडमियमच्या पत्र्याने मंद न्यूट्रॉन अडवलेला शोधक केवळ वेगवानच मोजतो. स्पंदानंतर शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांनीही वेगवान न्यूट्रॉन येत असतील, तर मालात विखंडन चालू आहे. ही रीत यशस्वी होण्यास एकच अट आहे : मंद न्यूट्रॉन मालात पुरेसा काळ जगले पाहिजेत.

येथून विवेचन मालाकडे वळते आणि येथेच भंडारा जिल्हा प्रवेश करतो. मुंबई-हावडा लोहमार्ग वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून जातो. सुरत, नागपूर, रायपूर जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वैनगंगा ओलांडून लाखनी-साकोलीकडे जातो. या मार्गांवर जिल्ह्याचे स्वतःचे तीन भार असतात : धान व तांदूळ, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज, आणि वरठीच्या परिसरातील पोलाद व त्यासाठीचे भंगार. या जिल्ह्यातून अणुद्रव्य गेल्याचे कोणतेही प्रतिपादन येथे नाही. न्यूट्रॉनच्या दृष्टीने हे तीन भार तीन भिन्न जगे आहेत आणि ती एकाच जिल्ह्यात एकत्र आढळतात, एवढ्यासाठीच त्यांची निवड केली आहे.

पहिला भार तांदळाचा. जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. न्यूट्रॉनला मात्र जातीचा भेद नाही, त्याला दिसतो तो हायड्रोजन. पिष्ट आणि ओलावा मिळून तांदळाच्या वजनाचा सुमारे ७ टक्के भाग हायड्रोजनचा असतो. पोत्यांत रचलेल्या तांदळाच्या एका घनसेंटीमीटरमध्ये पाण्याच्या साधारण निम्मा हायड्रोजन येतो. धान सालीमुळे पोकळ रचले जाते, म्हणून त्यात तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. हायड्रोजनचे अणुकेंद्र न्यूट्रॉनच्याच वजनाचे असल्याने प्रत्येक टक्करीत न्यूट्रॉनची सरासरी निम्मी ऊर्जा जाते. २ एमईव्हीचा न्यूट्रॉन सुमारे १८ टक्करींत मंद होतो. कार्बनमध्ये यास ११४ टक्करी लागतात, लोखंडात पाचशेहून अधिक.

यातून दोन परस्परविरोधी परिणाम होतात. न्यूट्रॉन मंद झाला की युरेनियम-२३५ चा त्याच्यासाठीचा विखंडन-काटछेद, म्हणजे लक्ष्याचे परिणामकारक क्षेत्रफळ, ५८५ बार्नवर जाते; वेगवान न्यूट्रॉनांसाठी ते एक-दोन बार्नच असते. शिवाय हायड्रोजन मंद न्यूट्रॉनांना सावकाश गिळतो. वरील घनतेवरून गणित केल्यास तांदळात मंद न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य ३८० मायक्रोसेकंदांच्या आसपास येते. क्षयभेदाची अट उत्तम रीतीने पूर्ण होते. माल स्वतःच मंदक बनतो. हा अनुकूल परिणाम. प्रतिकूल परिणाम असा की बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांनाही याच हायड्रोजनमधून जावे लागते. विलंबित न्यूट्रॉनांची सरासरी ऊर्जा अर्ध्या एमईव्हीच्या आतबाहेर असते, म्हणून ते ट्रकच्या मध्यापासून बाहेर येईपर्यंत बहुतांश संपतात. तांदळाच्या भारात विलंबित न्यूट्रॉनांवर विसंबणे चूक आहे. विलंबित गॅमा मात्र तांदळातून बऱ्यापैकी निघतात.

विलंबित गॅमांच्या वाटेत एक अडथळा आहे, आणि तो डीटी उद्गमानेच निर्माण होतो. तांदळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग ऑक्सिजनचा आहे. १० एमईव्हीहून अधिक ऊर्जेचा न्यूट्रॉन ऑक्सिजन-१६ चे नायट्रोजन-१६ मध्ये रूपांतर करू शकतो. त्याचे अर्धायुष्य ७.१३ सेकंद आणि गॅमा ६.१३ एमईव्हीचा, म्हणजे नेमका त्या खिडकीतला ज्यातून विखंडनाचे गॅमा पाहायचे असतात. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत मालवाहू पेटाऱ्यांसाठी जी व्यवस्था अभ्यासली गेली तिच्यात न्यूट्रॉनांची ऊर्जा सुमारे ७ एमईव्हीपर्यंत राखण्याचे हेच कारण होते. त्यासाठी लागणारा त्वरक मात्र सुवाह्य नव्हता. सुवाह्यतेच्या मर्यादेत दोनच मार्ग उरतात : डीटी वापरून क्षयभेदावर भर देणे, किंवा आठ अर्धायुष्ये, म्हणजे ५७ सेकंद थांबून मग गॅमा मोजणे. दुसऱ्या मार्गात विखंडनाचे अल्पायुषी गॅमाही हातचे जातात. तांदळासाठी पहिला मार्ग श्रेयस्कर होय.

दुसरा भार मँगनीजचा. डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीतून निघणारे डायऑक्साइड खनिज कोरड्या बॅटऱ्यांसाठी उपयोगी पडते. चिखल्याची खाण भूमिगत आहे. या भारात हायड्रोजन जवळजवळ नाही, म्हणून न्यूट्रॉन सावकाश मंद होतो. आणि मंद झाला की मँगनीज त्याला गिळते. मँगनीज-५५ चा मंद न्यूट्रॉन-शोषणाचा काटछेद १३.३ बार्न आहे, हायड्रोजनचा केवळ ०.३३. खनिजाच्या एका घनसेंटीमीटरमध्ये १.१ ग्रॅम मँगनीज धरल्यास मंद न्यूट्रॉनचे आयुष्य ३० मायक्रोसेकंदांच्याही आत येते. तांदळात ३८०, येथे ३०. तांदळात जी रीत उत्तम ठरली तीच येथे निरुपयोगी होते, आणि उद्गम दसपट बलवान केल्याने हे घड्याळ बदलत नाही. सर्व विवेचनाचा कणा हाच आहे : रीत उद्गमाच्या बळावर ठरत नाही, भाराच्या स्वभावावर ठरते.

मँगनीज न्यूट्रॉन गिळल्यावर स्वस्थ बसत नाही. ते मँगनीज-५६ होते, जे २.५८ तासांच्या अर्धायुष्याने लोखंड-५६ मध्ये रूपांतरित होताना ८४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आणि त्याखालोखाल १,८११ व २,११३ चे गॅमा देते. म्हणजे परीक्षेनंतर खनिज स्वतःच काही काळ बोलू लागते. हा आवाज दोन उपायांनी निष्प्रभ होतो. ऊर्जेच्या बाजूने : त्याच्या सर्व प्रमुख रेषा ३ एमईव्हीच्या खाली आहेत, म्हणून त्याहून वरचे तेवढे मोजावे. काळाच्या बाजूने : ३० सेकंदांच्या प्रारणात मँगनीज-५६ आपल्या अंतिम पातळीच्या केवळ ०.२२ टक्के एवढेच साठते, तर काही सेकंदांच्या अर्धायुष्याचे विखंडन-तुकडे त्याच ३० सेकंदांत जवळजवळ संपृक्त होतात. परीक्षा लांबवल्याने मँगनीजचा आवाज वाढत जातो, युरेनियमचा वाढत नाही. म्हणून या भारात प्रारण आखूड ठेवावे आणि अनेकदा करावे.

खनिजातही ऑक्सिजन आहेच. शुद्ध मँगनीज डायऑक्साइडच्या वजनाचा ३७ टक्के भाग त्याचा असतो. त्यामुळे डीटीच्या न्यूट्रॉनांखाली नायट्रोजन-१६ येथेही तयार होते. इतकेच नव्हे, तर दुर्मिळ ऑक्सिजन-१७ पासून नायट्रोजन-१७ होते, जे ४.१७ सेकंदांच्या अर्धायुष्याने स्वतःच विलंबित न्यूट्रॉन देते. विखंडनाची जी सर्वांत विश्वसनीय खूण मानावी, तिची नक्कल ऑक्सिजन करतो. डीडीच्या २.४५ एमईव्ही न्यूट्रॉनांना या दोन्ही विक्रिया अशक्य आहेत, कारण त्यांची ऊर्जा उंबरठ्याच्या बरीच खाली आहे. पण युरेनियम-२३८ च्या विखंडनाचा उंबरठा सुमारे १ एमईव्हीवर असल्याने ती विक्रिया शक्य राहते. म्हणून मँगनीजच्या भारासाठी दुबळी डीडी नलिका बलवान डीटीपेक्षा योग्य ठरते. तिचे दौर्बल्य कालावधीने भरून काढावे लागते, आणि तो कालावधी एकसंध नको, वर सांगितल्याप्रमाणे आखूड तुकड्यांत हवा.

तिसरा भार पोलादाचा व भंगाराचा. येथे गॅमा अडतात, न्यूट्रॉन निघून जातात. लोखंडाचे जड केंद्र न्यूट्रॉनला वळवते, पण त्याची ऊर्जा फारशी घेत नाही. म्हणून विलंबित न्यूट्रॉन भंगारातून बाहेर पोचतात. ऑक्सिजन गंजापुरता असल्याने नायट्रोजनची नक्कलही क्षीण असते. डीटी आणि विलंबित न्यूट्रॉन ही जोडी या भारास अनुरूप आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. १४ एमईव्हीचा न्यूट्रॉन लोखंड-५६ मधून एक प्रोटॉन काढून त्याचे मँगनीज-५६ करू शकतो. म्हणजे पोलादाच्या ट्रकमधून परीक्षेनंतर तीच ८४७ ची रेषा, तेच २.५८ तासांचे अर्धायुष्य दिसते जे तुमसरच्या खनिजात दिसले. ट्रक कोणत्या मालाचा आहे हे कागदपत्रावरून पडताळताना या रेषेवर विसंबणारा परीक्षक फसेल. डीडीखाली ही अडचण नाही, कारण त्या विक्रियेचाही उंबरठा २.४५ एमईव्हीच्या वर आहे. तेव्हा विलंबित ८४७ दिसली तर मँगनीजच असते.

अतिसमृद्ध युरेनियमाबद्दल एक पुरवणी आवश्यक आहे. त्यात मंद न्यूट्रॉन मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या खोलीतच शोषला जातो. तांदळातील मंद न्यूट्रॉन अशा गोळ्याची केवळ कातडी तपासतात. गाभा वेगवान न्यूट्रॉनांनाच दिसतो. मुंबईत सापडलेल्या नैसर्गिक युरेनियमात हीच खोली अडीच सेंटीमीटरांहून अधिक असते. त्यामुळे क्षयभेदाच्या प्रतिसादावरून द्रव्याचे वजन ठरवू नये. तो अस्तित्व सांगतो, राशी सांगत नाही.

आता सुवाह्यतेची राखून ठेवलेली अडचण. सेकंदाला १० कोटी न्यूट्रॉनांच्या डीटी नलिकेपासून एक मीटरवर प्रारणमात्रा तासाला सुमारे दीड मिलिसीव्हर्ट येते. सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन अडवायला पॉलिथीन किंवा काँक्रीटच्या जाड भिंती लागतात, ज्या जीपमध्ये मावत नाहीत. उरते ते अंतर. ३० मीटरवर हीच मात्रा नऊशेपटीने घटून तासाला दीड-पावणेदोन मायक्रोसीव्हर्टवर येते. म्हणून चालक आणि क्लीनर यांना गाडीतून उतरवून दूर नेल्याशिवाय नलिका चालू करणे सर्वथा अग्राह्य आहे, आणि महामार्गाच्या कडेला तीस मीटर त्रिज्येचे मोकळे वर्तुळ मिळणे हीच या पद्धतीची खरी किंमत आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवानगीचा प्रश्न प्रत्येक उद्गमासाठी असतोच. परीक्षेनंतर मँगनीज-५६ मुळे भारात उरणारा किरणोत्सर्ग दहा अर्धायुष्यांत, म्हणजे २६ तासांत, सहस्रांशावर येतो.

शेवटचा टप्पा उद्गमाच्या स्वतःच्या मापनाचा. वरील प्रत्येक आकडा उद्गमाचे उत्पन्न ज्ञात आहे असे धरून काढला आहे. पण कॅलिफोर्नियम अडीच वर्षांत निम्म्यावर येते, नलिकेतील ट्रिटियम १२.३ वर्षांत. उत्पन्न वारंवार मोजावे लागते. समस्थानिक-उद्गमांसाठी त्याचे प्राथमिक मानक मँगनीजचे स्नान हे आहे. मँगनीज सल्फेटच्या द्रावणाने भरलेल्या पात्राच्या मध्यभागी उद्गम ठेवतात. न्यूट्रॉन पाण्यात मंद होतात, त्यांतील ज्ञात हिस्सा मँगनीज गिळते, आणि द्रावणातील मँगनीज-५६ ची ८४७ ची रेषा मोजून उद्गमाचे उत्पन्न निरपेक्षपणे काढतात. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात हे मानक राखले जाते. ट्रकमधील मँगनीज ज्या गुणांमुळे परीक्षकाच्या वाटेत येते, तेच शोषण आणि तेच अर्धायुष्य येथे मापनाचा आधार होतात. नलिकांचे उत्पन्न यानंतर या मानकाशी जुळवलेल्या शोधकांनी ठरवतात, आणि मोजणीची तारीख नलिकेच्या नोंदवहीत लिहितात.